दोन फुटी रुळांवरची कामकरी इंजिने

केशवापुरात राहणाऱ्याला आगगाडी म्हणजे काय हे सांगायला नको. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली, तिचे मीटरगेज रूळ या भागात आले, पुढे वर्कशॉप उभे राहिले आणि हुबळी रेल्वेचे गाव झाले. इथल्या कित्येक घरांत आजोबा फिटर, वडील फायरमन आणि मुलगा क्लार्क अशी परंपरा आहे. मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले तेही या गावाने पाहिले, आणि १,५०७ मीटर लांबीचा फलाटही आता पाहिला. मीटरगेज आणि ब्रॉडगेज ही दोन घराणी आपल्या परिचयाची आहेत. तिसरे घराणे मात्र फारसे कोणी मनावर घेत नाही. ते म्हणजे नॅरोगेजचे, आणि त्यातही कारखाने, खाणी, ऊसमळे व धरणांची कामे यांवर राबणाऱ्या छोट्या इंजिनांचे.

२०२० साली गदग रोडवर रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. तेथे दोन नॅरोगेज इंजिने ठेवलेली आहेत. रविवारी लहान मुले त्यांच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढून घेतात, आणि मोठी माणसे ‘खेळण्यातली गाडी’ म्हणून पुढे जातात. या शब्दाला माझा आक्षेप आहे. खेळण्यातली गाडी खऱ्या गाडीची नक्कल असते. नॅरोगेज इंजिन कोणाचीही नक्कल नव्हे. मोठ्या गाडीला जे काम जमत नाही ते करण्यासाठी ते निराळ्या हिशेबाने बनवलेले यंत्र आहे. तो हिशेब काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम रुंदीचे पाहू. दोन रुळांमधील अंतर ब्रॉडगेजमध्ये १,६७६ मिलिमीटर, मीटरगेजमध्ये १,००० मिलिमीटर असते. नॅरोगेजमध्ये आपल्याकडे मुख्यतः दोन मापे चालली : अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, आणि दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. प्रवासी वाहतुकीच्या लहान लोहमार्गांनी बहुधा अडीच फूट पत्करले. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे त्याच मापाची. कारखान्यांच्या व बांधकामांच्या गाड्यांनी दोन फूट पसंत केले. माथेरानची गाडी दोन फुटांची असली तरी ती प्रवाशांची, म्हणून तिला या लेखात पाहुणी म्हणूनच बोलावावे लागेल.

रूळ जवळ आणल्याने काय साधते? पैसे वाचतात, हे उत्तर खरे पण अपुरे आहे. रुंदी निम्मी केली म्हणून खर्च निम्मा होत नाही. मोजणी तेवढीच करावी लागते आणि ओढ्यावर पूलही बांधावाच लागतो. खरा लाभ वळणात आहे. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, म्हणजे दोघांनी सारखेच फिरायचे. वळणावर मात्र बाहेरच्या रुळाची लांबी आतल्यापेक्षा जास्त भरते. गाडी काटकोनात वळली तर हा फरक किती? भूमितीच्या विद्यार्थ्याने कागदावर मांडून पाहावे : वळण मोठे असो वा लहान, फरक केवळ रुळांमधील अंतरावर अवलंबून असतो. ब्रॉडगेजला तो सुमारे २.६३ मीटर येतो, मीटरगेजला १.५७ मीटर, आणि दोन फुटी मार्गाला फक्त ९६ सेंटिमीटर. चाकांच्या उतरत्या घडणीमुळे यातील काही फरक भरून निघतो, उरलेल्यासाठी चाक रुळावर घासत, किंचाळत जाते. अंतर कमी म्हणजे हे घासणे कमी. त्यातच दोन आसांमधले अंतरही मीटरभर ठेवता येते. त्यामुळे १५-२० मीटर त्रिज्येचे वळण, जे मोठ्या गाडीला स्वप्नातही घेता येणार नाही, ते ही गाडी कारखान्याच्या दोन इमारतींमधून सहज घेते. डोंगराच्या कुशीतून जायचे तर कापायची वाटही अरुंद पुरते.

दुसरा लाभ वजनाचा. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलो वजनाचा रूळ टाकतात. कारखान्याच्या हलक्या मार्गाला मीटरला ७ किलोचा रूळही चालत असे. पाच मीटर लांबीचे दोन रूळ आणि त्यांना आधीच जोडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे स्लीपर मिळून सारा सांगाडा शंभर किलोच्या आसपास भरतो. चार माणसांनी तो उचलून शिडीसारखा पुढच्या जागी नेऊन ठेवावा, फिशप्लेटचे बोल्ट आवळावेत, की गाडी तयार. रूळ असा हलवता येतो, हेच या पद्धतीचे मर्म. ही कल्पना व्यवहारात आणून जगभर विकली ती फ्रान्समधील पॉल दकोव्हिल याने. गंमत अशी की त्याची अडचण इंजिनियरची नव्हती, शेतकऱ्याची होती. १८७५ च्या सुमारास पॅरिसजवळच्या त्याच्या मळ्यात साखरेच्या बीटाचे भरघोस पीक आले, पावसाने शेतात चिखल झाला आणि गाड्या रुतू लागल्या. तेव्हा त्याने जोडरूळ अंथरून बीट बाहेर काढले. पुढे १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या ६० सेंटिमीटर गाडीने लक्षावधी प्रेक्षकांची ने-आण केली. बर्लिनमध्ये १८७६ साली ऑरेनस्टाइन आणि कॉपेल यांनी काढलेल्या कंपनीने हाच धंदा आणखी वाढवला. रूळ, डबे, इंजिन असा सारा संसार ते सूचिपत्रातून विकत. माथेरानची चार मूळ इंजिने याच कंपनीची.

आता इंजिनाची ताकद. येथे थोडे गणित करावे, कारण त्यावाचून आकार का लहान हे कळत नाही. समजा, इंजिनाचे वजन ५ टन आहे आणि सर्व चाके ओढणारी आहेत. कोरड्या रुळावर वजनाच्या साधारण चौथ्या भागाइतकी ओढ चाक न घसरता लावता येते, म्हणजे १,२५० किलो. खडबडीत तात्पुरत्या मार्गावर दर टनामागे १० किलो विरोध धरला तर सपाटीवर हे इंजिन स्वतःसह १२५ टन ओढील. आता ५० फुटांत १ फूट असा चढ आला. चढाचे म्हणून टनामागे आणखी २० किलो वाढले, विरोध एकूण ३० किलो झाला. १,२५० ला ३० ने भागा : एकूण ४१ टन. त्यातून इंजिनाचे ५ वजा जाता मालासह डब्यांसाठी ३६ टन उरले. सपाटीवरचे १२० टन एवढ्याशा चढाने ३६ वर आले! पाऊस पडून रूळ ओले झाले, ओढ वजनाच्या पंधरा टक्क्यांवर घसरली, तर उरतात फक्त २० टन. म्हणून इंजिनावर वाळूची पेटी असते आणि ड्रायव्हर चाकापुढे वाळू सोडतो. ताशी ८ किलोमीटर वेगाने १,२५० किलोची ओढ लावायला अश्वशक्ती लागते अवघी ३७. शिवारातल्या मध्यम ट्रॅक्टरची शक्ती साधारण एवढीच असते. तोच ट्रॅक्टर कच्च्या रस्त्यावर एवढा माल ओढू शकत नाही, कारण मातीचा विरोध रुळाच्या कितीतरी पट असतो. रूळ म्हणजे ताकद वाचवण्याची युक्ती, असे यामुळेच म्हणतात.

बांधकामावर या इंजिनामागे असत ते उलटते डबे, पन्हळीसारख्या आकाराचे, कडेला कलंडून माल ओतणारे. एका डब्यात पाऊण घनमीटर माती, म्हणजे ढोबळमानाने एक टन. एका घमेल्यात २० किलो माती धरली तर एक डबा म्हणजे ५० घमेली. पंधरा डब्यांची गाडी एका खेपेस साडेसातशे घमेली नेते. भरलेले पंधरा डबे साधारण २२ टन होतात. वर काढलेल्या हिशेबात कोरड्या दिवशी ते बसतात. ओल्या दिवशी दोन डबे सोडून ठेवावे लागतात.

मग आपल्या देशात धरणे, कालवे, घाट बांधताना ही इंजिने सर्वत्र का दिसली नाहीत? कारण घमेले वाहणारी बाई यंत्रापेक्षा स्वस्त पडे. हे कटू असले तरी खरे आहे. भोर घाटातील लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. तेथे ऐन कामात ४० हजारांवर मजूर खपत होते, आणि रोगराईने कित्येक दगावले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. ज्या काळी इंग्लंडात कंत्राटदार छोटी इंजिने आणत होता, त्या काळी इथे तोच कंत्राटदार माणसे आणत होता. यंत्र येते ते मजुरी वाढल्यावर.

तरीही हिंदुस्थानातील रेल्वेचा आरंभ प्रवाशांपासून झाला नाही, बांधकामापासूनच झाला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. १६ एप्रिल १८५३ ची मुंबई-ठाणे गाडी आपण पाठ करतो. पण त्याआधी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल येथे रस्त्याचा दगड वाहणारी रेल्वे होती. १८४५ मध्ये गोदावरीच्या धरणासाठी दौलेश्वरम येथे रूळ पडले. १८५१ च्या डिसेंबरात गंगेच्या कालव्यावर रुडकीजवळ सोलानी जलसेतूसाठी माती वाहायला वाफेचे इंजिन चालले. मुंबईतही १८५२ मध्ये आलेले ‘लॉर्ड फॉकलंड’ हे इंजिन आधी कंत्राटदाराच्या कामाला जुंपलेले होते. ही सारी नॅरोगेज नव्हती, पण वंश तोच.

नॅरोगेजची आपल्याकडील पहिली कहाणी मराठी राज्यातली आहे. खंडेराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १८६२ साली डभोई ते मियागाम अडीच फुटी मार्ग झाला, आणि त्यावर गाडी ओढायला जुंपले बैल! इंजिन आणण्याचा प्रयत्न लवकरच झाला, पण टाकलेले रूळ त्याचे वजन पेलेनात. भक्कम रूळ टाकल्यावर पुढे वाफेची इंजिने नियमित चालू लागली. इंजिनाच्या आधी रुळाचा विचार हवा, हा धडा त्यातून मिळाला. बार्शी लाईट रेल्वेचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने तो नेमका गिरवला. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार नको, असा दंडक त्याने घातला, आणि त्या दंडकाला धरून रूळ, पूल, इंजिन आणि वाघिणी यांची मापे ठरवली. वजन अधिक आसांवर वाटून दिले की हलक्या रुळावरही जड गाडी चालते, हे त्याने दाखवून दिले.

इंजिनाच्या घडणीविषयी चार शब्द. लांब पल्ला नसल्यामुळे कोळसा-पाण्याचा वेगळा टेंडर जोडत नाहीत. पाणी इंजिनावरच साठवतात : कोठे बॉयलरच्या दोन बाजूंना टाक्या, कोठे खोगिरासारखी बॉयलरवर बसवलेली टाकी, तर कोठे चौकटीच्या पोटात, जेणेकरून भार खाली राहून इंजिन डगमगू नये. अरुंद रुळांवर उंच इंजिन कलंडण्याची भीती मोठी असते, म्हणून ही शेवटची रीत युरोपातील कारागिरांना प्रिय होती. पुष्कळ इंजिनांत चौकट चाकांच्या बाहेर असते, कारण रुळांच्या मधल्या जागेत शेगडी मावत नाही. माथेरानच्या इंजिनांत पहिला व शेवटचा आस वळणावर थोडा बाजूला सरकेल अशी योजना होती. म्हणूनच २० फुटांत १ फूट चढ आणि पाठोपाठची वळणे घेत ती १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकली.

कन्नडमध्ये या गाडीला उगिबंडी म्हणतात, कोणी होगेबंडीही. पहिलीत वाफ दिसते, दुसरीत धूर. मराठी माणसाने मात्र आग पाहिली आणि आगगाडी म्हटले. तिघांचेही बरोबर आहे, आणि याच तीन गोष्टी छोट्या इंजिनाला शेवटी भोवल्या. वाफ व्हायला सकाळी दीड-दोन तास आधी विस्तव पेटवावा लागतो. आगीमुळे दारूगोळ्याच्या कारखान्यात ते नेता येत नाही. धूर खाणीत माणसाला गुदमरवतो. पहिल्या महायुद्धात तर धूर पाहून शत्रू तोफ डागू लागला. त्या युद्धात दोन्ही बाजूंनी खंदकांपर्यंत ६० सेंटिमीटरचे रूळ टाकले होते. अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याने ब्रिटिश सैन्यासाठी ४९५ इंजिने बनवली, आणि आघाडीजवळ चालवायला इंग्लंडच्या मोटर रेल कंपनीने पेट्रोलची ‘सिंप्लेक्स’ इंजिने दिली. युद्ध संपताच हा सारा माल मोडीच्या भावात बाजारात आला. त्यातील काही बाल्डविन हिंदुस्थानात पोचली आणि उत्तर प्रदेशात खतौलीच्या साखर कारखान्यात ऊस ओढत राहिली. लढाईसाठी जन्मलेल्या यंत्राचे पुढचे आयुष्य उसात जावे, यापेक्षा चांगले काय व्हायचे होते!

ज्या ठिकाणी ठिणगी चालत नाही तेथे बिनआगीचे इंजिन वापरीत. त्यात शेगडी नसते. कारखान्याच्या बॉयलरमधून दाबाखालचे गरम पाणी व वाफ टाकीत भरून घ्यायची आणि संपेपर्यंत चालवायचे. खाणींत बॅटरीची इंजिने आली. बाकी सर्वत्र डिझेल आले. बटन दाबले की सुरू, फायरमन नको, काम नसेल तेव्हा जळण नको. १९५० नंतर वाफेच्या बाजूने सांगण्यासारखे एकच उरले होते : जळण फुकट मिळत असेल तर. साखर कारखान्यात ते मिळे, कारण चरकातून निघालेली उसाची चिपाडे जाळता येत.

यामुळे विषय आपल्या भागाच्या अगदी जवळ येतो. दख्खनच्या कालव्यांवर खासगी साखर कारखाने निघाले तेव्हा कंपनीजवळ हजारो एकरांचे सलग मळे असत. हरेगावची बेलापूर कंपनी, वालचंद हिराचंद यांचे रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे दोन फुटी रुळांवरून ऊस येई. तोडलेल्या उसातील साखर तासातासाला घटते. तो दिवसभरात चरकात गेला पाहिजे, आणि चरक रात्रंदिवस भुकेला. असे काम रुळांना फार मानवते. शेतात तात्पुरते रूळ टाकायचे, ट्रॉल्या भरायच्या, बैलांनी त्या मुख्य मार्गापर्यंत ओढून आणायच्या, तेथे इंजिनाने वीस-तीस ट्रॉल्यांची माळ करून कारखान्यात न्यायची. फड संपला की रूळ पुढच्या फडात.

हे वैभव का मावळले? ट्रक आले म्हणून, असे सगळे सांगतात. मला हे अर्धेच कारण वाटते. छोट्या रेल्वेला दोन्ही टोके एका धन्याच्या हाती असावी लागतात. माल ज्याचा, जमीन त्याची आणि कारखानाही त्याचा. मग रूळ कोठून न्यायचे हे कोणाला विचारावे लागत नाही. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि चित्र पालटू लागले. सहकारी कारखान्याचा ऊस हजारो सभासदांच्या दोन-दोन, पाच-पाच एकरांतून येतो. प्रत्येकाच्या बांधावरून रूळ कोण नेणार? तेथे बैलगाडीच हवी, पुढे ट्रॅक्टर हवा. १९६१ च्या महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मोठे मळे सरकारकडे गेले, आणि १९६३ मध्ये ते सांभाळायला शेती महामंडळ स्थापन झाले. एका धन्याची सलग जमीन संपल्यावर त्या रुळांच्या पायाखालची जमीनच गेली. इंजिनांना हरवले ते डिझेलने जेवढे, तेवढेच सातबाराच्या उताऱ्याने. शेतकरी मालक झाला हे चांगलेच झाले. पण त्याचबरोबर दर हंगामात ऊसतोडणी कामगाराच्या गाडीबैलावर किती ओझे पडले, हेही कोणी तरी मांडून पाहिले पाहिजे.

कर्नाटकातही उदाहरणे कमी नाहीत. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला तेव्हा दगडी कोळसा जवळ नसल्याने लोखंड लाकडी कोळशावर गाळीत. त्यासाठी मलनाडच्या जंगलातून लाकूड आणायला ट्रामवे टाकले गेले. कोलारच्या सोन्याच्या खाणी तर २००१ पर्यंत चालल्या. खाणीतील गाडीचे रूळ दिवसाचा उजेड कधी पाहत नाहीत, म्हणून ती लोकांच्या आठवणीत नसते एवढेच.

एक ठिकाण मात्र असे आहे की तेथे ही जात आजही कामावर आहे. मुंबईच्या मेट्रो-३ चे काम १७ बोगदा-यंत्रांनी झाले. अशा यंत्राच्या पुढच्या चाकाने खडक कातरला की मागून तो बाहेर काढणे आणि बोगद्याला आतून लावायच्या काँक्रीटच्या कमानी आत नेणे, ही दोन्ही कामे कित्येक ठिकाणी अरुंद रुळांवरची गाडीच करते. बोगद्यात ट्रक वळवायला जागा नसते, आणि रूळ यंत्रामागे रोज थोडे थोडे वाढवता येतात. माप बहुधा ९०० मिलिमीटर, इंजिन डिझेलचे किंवा बॅटरीचे, वेग सायकलइतका. वरून जाणाऱ्या मोटारींना त्याची गंधवार्ता नसते. बोगदा पार झाला की हे रूळ उखडतात, इंजिन पुढच्या कामावर रवाना होते, आणि मग त्याच जागी शहराच्या गाडीचे रूळ पडतात.

गदग रोडच्या संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी छायाचित्र काढण्याआधी खाली वाकून चौकट चाकांच्या आत आहे की बाहेर ते पाहावे. पाणी कोठे साठवायचे, वाळूची पेटी कोठे आहे आणि नळी कोणत्या चाकापुढे उतरते तेही पाहावे. मग पहिल्या व शेवटच्या आसांमधले अंतर पावलांनी मोजावे आणि ते इंजिन किती आखूड वळणावर जाईल याचा अंदाज बांधावा. गणिताच्या प्राध्यापकांना बरोबर नेल्यास उत्तम.